नवा संगणक रुसला तर

लोणच्याला बुरी का येते, कुकरची शिट्टी का होत नाही, मिक्सर मधेच का बंद पडतो, असल्या तक्रारींवर या पानावर आपण पुष्कळ बोललो. आज जी तक्रार घेऊन बसले आहे ती ऐकून काहीजणी म्हणतील, "हे बाई आमच्याकडं कुठलं!" पण घरात कॉलेजात जाणारं मूल असेल, तर हा प्रसंग कधी दारात उभा राहील ते सांगता येत नाही. सुटे भाग आणून घरीच जुळवलेला नवा कोरा संगणक, आणि बटण दाबावं तर ढिम्म!

आमच्याकडे झालं ते असं. धाकटी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या नकाशांना जुना लॅपटॉप पुरेना. तयार संगणक तिला हवा तसा घ्यायचा तर किंमत फार, म्हणून तिनं ठरवलं की भाग आणायचे आणि आपणच जुळवायचा. ह्यांचा सक्त विरोध. "पाऊण लाखाची वस्तू, आणि ही जेवणाच्या टेबलावर बसून करणार?" नेमकी त्याच महिन्यात माझी पोस्टातली आवर्ती ठेव हाती आली होती. ती मी तिला दिली. ह्यांना सांगितलं, नाही असं नाही. पण देऊन झाल्यावर सांगितलं.

काही भाग तिनं मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणले, काही घरपोच मागवले. घरपोच आलेल्या मालाला बदलून देण्याची मुदत सात दिवसांची. त्यातला पाचवा दिवस, रविवार. सकाळपासून टेबल अडवून मायलेकी बसलो होतो. म्हणजे ती जोडत होती आणि मी स्क्रू हातात देत होते. संध्याकाळी सहाला सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, आणि धाकटीनं बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, एकदा पाहिलं, आणि पुन्हा वर धरलं. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. पोर उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा, की नवा संगणक पहिल्या बटणाला सुरू झाला नाही म्हणजे पैसे बुडाले असं नव्हे. नव्या जुळणीत बहुतेक वेळा भाग जळालेला नसतो. काहीतरी जोडायचं राहिलेलं असतं किंवा अर्धवट बसलेलं असतं. त्यामुळे लगेच दुकानदाराला फोन करून भांडायला उठू नये, आणि मुलाला तर मुळीच बोलू नये. आधी पोटभर जेवायला घालावं. मीही तेच केलं.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी पुन्हा बसलो. सुरुवात भिंतीपासून. हसू नका. ज्या प्लगात संगणक लावला आहे त्यात आधी टेबललॅम्प लावून पाहावा. आमचा लागला. मग संगणकाच्या पाठीमागे, जिथे विजेची जाड वायर जाते तिथे, एक लहानसा स्विच असतो. त्यावर एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल असतो. रेघेची बाजू दाबलेली हवी. गोल म्हणजे बंद. कितीतरी घरांत एवढ्यावरच गाडी अडलेली असते. आमच्याकडे तेही ठीक होतं. तीन पिनांचाच प्लग वापरावा, आणि त्या पॉइंटला अर्थिंग आहे ना याची वायरमनकडून एकदा खात्री करून घ्यावी. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंगमध्ये गडबड आहे असं समजावं.

आता डबा उघडायचा. (याला बाजारात कॅबिनेट म्हणतात.) उघडण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढून घ्यावी, आणि मग संगणकाचं चालू करायचं बटण दहाएक सेकंद दाबून धरावं, म्हणजे आत उरलीसुरली वीज असेल ती निघून जाते. हातातल्या सोन्याच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्यात, मंगळसूत्र आत खोचावं. धातू पिनांवर टेकला तर भलतंच होऊन बसायचं. गालिच्यावर उभं राहू नये, आणि नायलॉनची साडी नेसून तर या कामाला बसूच नये. मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. अंगावरची स्थिर वीज उतरते. आणि एक पक्की ताकीद: आतला जो विजेचा बंद डबा असतो, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या पोटात धोका पोचवण्याइतकी वीज साठून राहू शकते. तो बिघडला असेल तर बदलावा, दुरुस्तीचा हट्ट धरू नये.

या एसएमपीएसमधून वायरींचे जुडगे निघतात. त्यातले दोन मदरबोर्डला जातात. मदरबोर्ड म्हणजे ती मोठी सपाट पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसतं. एक जुडगा रुंद, २४ पिनांचा. तो नव्यानं बसवताना भलता घट्ट वाटतो, आणि पाटी वाकेल या भीतीनं मुलं तो अर्धाच सोडतात. खालून बोटांचा आधार देऊन, खटका अडकेपर्यंत दाबावा. दुसरा जुडगा ८ पिनांचा, बहुधा चार-चारच्या दोन तुकड्यांत. तो पाटीच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरजवळ लागतो, आणि हमखास राहतो! माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी जुळवला तेव्हा पंखे गरगर फिरत, दिवे लागत, पण पडद्यावर मिट्ट काळोख. दोन दिवस तो प्रोसेसरला शिव्या देत होता. शेवटी ही ८ पिनांची वायर कॅबिनेटच्या मागं गुंडाळून पडलेली सापडली. पंखे फिरले म्हणजे प्रोसेसरला वीज मिळाली असं नाही, बरं का. ग्राफिक्स कार्डाच्या वायरीही दिसायला अशाच, पण त्या सहा-दोन अशा फुटतात. एकीच्या जागी दुसरी कोंबायला जाऊ नये.

आणखी एक. घरात जुना एसएमपीएस पडला असेल तर त्याची सुटी केबल नव्याला लावण्याचा काटकसरीपणा करू नका. टोकं सारखी दिसतात, आत पिनांचा क्रम निराळा असू शकतो, आणि मग क्षणात एखादा भाग जळून जातो. काटकसर भाजी घेताना करावी.

आमचे दोन्ही जुडगे नीट बसलेले निघाले. धाकटी म्हणाली, "आई, मदरबोर्डच गेलाय. उद्या परत पाठवू." तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि तेच मला आवडलं नाही. मी म्हटलं, "बटणाची वायर कुठे गेलीय ते दाखव."

इथं थोडं थांबून सांगते, कारण हे कळलं की पुष्कळ उलगडतं. अगदी जुन्या संगणकांत बटण म्हणजे सरळ विजेचा खटका असे, ट्यूबलाइटसारखा. १९९५ साली इंटेलनं एटीएक्स नावाची नवी मांडणी आणली, तेव्हापासून ते बदललं. आता पुढच्या बाजूचं बटण वीज चालू-बंद करतच नाही. ते दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवतं, दारावरच्या घंटीसारखं, आणि पाटी एसएमपीएसला सांगते, "चला, उठा." त्यामुळे बटणाची ती दोरीसारखी बारीक वायर चुकीच्या पिनांवर बसली, तर घंटी वाजायचीच नाही. सगळं घर शाबूत, पण दार उघडायला कोणी येत नाही.

या पिना पाटीच्या खालच्या कोपऱ्यात दाटीनं असतात, मोहरीएवढ्या. त्यांचा नकाशा पाटीबरोबरच्या पुस्तिकेत असतो. चष्मा लावून, मोबाइलचा दिवा धरून पाहिलं, तर आमची वायर एक घर शेजारी सरकून बसलेली! ओळीत चूक होते तशी, वीण मोजताना एक टाका सुटतो ना, तशी. खात्री करायची तर बटणाची वायर काढून, विजेची वायर परत लावून, त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवतात. दुसऱ्या कुठल्या पिनेला टोक लागता कामा नये, म्हणून हात कापत असेल त्यानं हे करू नये. धाकटीनं केलं. आणि पंखे फिरले! सासूबाई पाटावरून उठून आल्या. बटणाच्या वायरीला उलटसुलट काही नसतं, कशीही लावा. दिव्यांच्या वायरींना मात्र असतं. दिवा लागला नाही तर ती वायर फिरवून लावावी, झालं.

पण आनंद पाच मिनिटंच टिकला. पंखे फिरताहेत, रंगीबेरंगी दिवे लागताहेत, पडदा मात्र काळा. याला हार्डवेअरवाले "डिस्प्ले येत नाही" म्हणतात, आणि पत्रं पाठवणाऱ्या मैत्रिणींचीही तक्रार बहुतकरून हीच असते.

अशा वेळी पहिल्यांदा पाहावं, पडद्याची केबल कुठे लावली आहे. पाठीमागे ती दोन ठिकाणी बसू शकते: वर पाटीवर, नाहीतर खाली आडव्या बसवलेल्या ग्राफिक्स कार्डावर. कार्ड घेतलं असेल तर केबल कार्डालाच लावायची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ हे अक्षर असतं, त्याच्यात चित्र काढायची सोयच नसते; वर केबल लावून जन्मभर बसलात तरी काही दिसणार नाही. मोठ्या कार्डाला स्वतःची वेगळी वीजही लागते, ती लावली का पाहावी. आणि पडदा स्वतः चालू आहे ना? तेही पाहावं, लाज वाटू देऊ नये.

मग पाटीवरचे दिवे. १९८१ च्या आयबीएमच्या घरगुती संगणकापासून ही रीत आहे, की सुरू होताना यंत्र आधी स्वतःचीच तपासणी करतं आणि काही अडलं तर शिट्ट्या देऊन सांगतं. आता शिट्टीचा भोंगा कॅबिनेटबरोबर येतोच असं नाही. त्याऐवजी पुष्कळशा पाट्यांवर चार लहान दिवे असतात आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ते एकामागून एक लागतात आणि विझतात. जो लागून राहील तिथं घोडं अडलं. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, व्हीजीए म्हणजे चित्राचं कार्ड, बूट म्हणजे ज्यावर माहिती साठवतात ती डिस्क. आमचा डीरॅमचा दिवा पिवळाधमक लागून राहिला होता. म्हणजे रॅम.

रॅम म्हणजे त्या लांबट पट्ट्या. धाकटी म्हणाली, बसवल्यात की नीट. पुन्हा वायर काढून, बटण दाबून, दिवा धरून पाहिलं. पट्टीचं एक टोक खटक्यात अडकलेलं, दुसरं टोक तांदळाच्या दाण्याइतकं वर. हल्ली पुष्कळ पाट्यांवर खटका एकाच टोकाला असतो, त्यामुळे "खट्" असा आवाज आला की मुलांना वाटतं बसली. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबावं. जोर लागतो, पण आपल्या हातांना चकलीच्या सोऱ्याची सवय असते. मीच दाबली. चार खाचा आणि दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालाव्यात. पुस्तिकेत तसं दाखवलेलं असतं. तरी जमलं नाही तर एकच पट्टी ठेवून पाहावं, मग दुसरी. डाळीत खडा कुठला ते असंच शोधतो ना आपण.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा काळा पडदा, पुन्हा तो पिवळा दिवा. धाकटीनं मिनिटभर वाट पाहिली आणि बंद केलं. परत चालू केलं, परत बंद. तिसऱ्यांदा तिचा हात बटणाकडे गेला तेव्हा मी धरला. तिच्याच मोबाइलवर पाटीच्या कंपनीची सूचना उघडली होती, तिच्यात लिहिलं होतं की पहिल्या वेळी वेळ लागेल. २०२१-२२ पासून घरगुती संगणकांत डीडीआर५ नावाची नव्या धर्तीची रॅम आली. ती पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसर आणि रॅम एकमेकांचा वेग जुळवून घेतात. त्यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात, आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. मधेच वीज बंद केली की सगळं पहिल्यापासून. मी तिला म्हटलं, "विरजण लावल्यावर दर मिनिटाला भांडं हलवून बघितलंस तर दही लागेल का? चल, ओटा आवर माझ्याबरोबर."

ओटा आवरला, दूध तापवलं. ह्यांचं वर्तमानपत्र केव्हाच वाचून झालं होतं, पण हातात होतं. पंधरा मिनिटं झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं. सातव्या-आठव्या मिनिटाला बाहेरून ह्यांचाच आवाज आला, "अगं, याच्यावर काहीतरी उमटलंय."

पडद्यावर अक्षरं होती. धाकटी धावत आली, वाचलं, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला: सुरू करण्याजोगी डिस्क मिळाली नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. मैत्रिणींनो, हे वाक्य दिसलं तर पेढे वाटा. यंत्र धडधाकट आहे. त्याच्यात अजून विंडोज किंवा लिनक्स घातलेलं नाही, एवढंच ते सांगतंय. नवं घर बांधून झालं, माणसं राहायला आली नाहीत. ते काम पेनड्राइव्हवरून तिनं रात्री केलं.

तुमच्याकडे इतक्यावर भागलं नाही तर काय? पाटीवर रुपयासारखा गोल सेल असतो, तो वीज काढून पाच मिनिटं बाहेर ठेवावा आणि परत घालावा. जुन्या नोंदी पुसल्या जातात. यंत्र क्षणभर फिरून लगेच बंद पडत असेल तर कुठेतरी धातू टेकतो आहे असा संशय घ्यावा. कॅबिनेटमध्ये पाटीखाली पितळी खुंट्या असतात; एखादी जिथे भोक नाही तिथे राहिली असेल तर ती खालून पाटीला लागते. पाटी बाहेर काढून तिच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावी, आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम एवढ्यावर चालवून पाहावी; प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तर कार्डही लावावं लागेल. तिथं चालली तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणीत. चालून थोड्या वेळानं तापून बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरच्या पंख्याच्या बुडाचा पातळ प्लास्टिकचा कागद काढला होता का, ते मुलाला विचारा. राहतो तो!

पाटी जुन्या आवृत्तीची आणि प्रोसेसर तिच्या नंतरचा असेल तर ओळखच पटत नाही. त्यासाठी पाटीतलं मूळ सॉफ्टवेअर नवं करावं लागतं. काही पाट्यांना त्यासाठी मागे खास बटण असतं, पेनड्राइव्ह लावून होतं. पण ते चालू असताना वीज जाता कामा नये, म्हणून जिथे विजेचा भरवसा नाही तिथं हे दुकानात करून घ्यावं. दुकानात नेणार असाल तर तपासणीचे किती घेणार ते आधी विचारावं, आणि दुसरा एसएमपीएस, दुसरी रॅम लावून समोर दाखवायला सांगावं. प्रोसेसरखालच्या केसासारख्या पिना वाकलेल्या दिसल्या तर सुईनं सरळ करायला जाऊ नये. आधी फोटो काढावा आणि विकणाऱ्याला दाखवावा. आपण हात लावला की बदलून मिळण्याची शक्यता गेलीच म्हणून समजा. आणि बदलायची मुदत माल आल्या दिवसापासून मोजतात. भाग आणून महिनाभर कपाटात ठेवायचे आणि परीक्षेनंतर जुळवायचे, असं करू नका.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या भागांची बिलं मागून घेतली, अनुक्रमांक एका वहीत उतरवले, आणि खोकी स्वतः माळ्यावर चढवली. ठेवीबद्दल अजून काही बोललेले नाहीत. खोकी, बिलं आणि उरलेले स्क्रू वॉरंटी संपेपर्यंत टाकू नयेत. दिवाळीच्या साफसफाईत तर त्यांच्यावर कागद चिकटवून ठेवा, नाहीतर रद्दीवाला ती पहिली उचलतो.